फाईल ठेवणाऱ्या साधनाचा परिचयलेख : एक भाषिक परीक्षण

१

यंत्रासोबत येणारी सूचना-पुस्तिका माणसाने वाचावयाची असते, आणि माणूस ती बहुधा वाचीत नाही. तो यंत्र हाताळून पाहतो, अडला म्हणजे शेजाऱ्यास विचारतो, आणि अगदीच इलाज उरला नाही म्हणजे पुस्तिका उघडतो. वाचकाच्या या सवयीमुळे सूचनालेखनातील पुष्कळ दोष आजवर झाकले गेले. एआय एजंटासाठी लिहिलेल्या परिचयलेखास ही सवलत नाही.

एजंट म्हणजे भाषिक प्रतिमानावर चालणारी अशी प्रणाली, की जी वापरणाऱ्याचे सांगणे वाचून, हाताशी असलेल्या साधनांपैकी कोणते, केव्हा व कोणत्या क्रमाने वापरावयाचे हे स्वतः ठरविते. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतप्रणालीत, म्हणजे एमसीपीत, अशा साधनाची ओळख एजंटास तीन गोष्टींनी होते : साधनाचे नाव, त्याचे साध्या भाषेतील वर्णन, आणि त्यास द्यावयाच्या माहितीचा आराखडा. साधन ज्या प्रोग्रॅमने चालते तो एजंटास सहसा दिसत नाही. ज्या सर्व्हरवर ते चालते तो सर्व्हर दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशातही असू शकतो. तेव्हा वर्णन हेच एजंटाच्या दृष्टीने साधन होय. वर्णनात जे नाही ते त्याच्या लेखी नाहीच. आणि जे संदिग्ध आहे ते तो आपल्या तर्काने भरून काढतो.

या लेखनप्रकारातील एकच, परंतु कसोटीचा नमुना येथे परीक्षणास घेतला आहे. तो म्हणजे दूरस्थ सर्व्हरवर फाईल चढविणाऱ्या साधनाचा परिचयलेख. बाजारभाव विचारणारे किंवा तारीख सांगणारे साधन शब्द घेते व शब्द देते. फाईलचे तसे नाही. फाईल ही कोठेतरी असते, आणि ती दुसरीकडे न्यावयाची असते. ‘कोठे’ हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. आणि बहुतेक परिचयलेख नेमके याच प्रश्नापाशी अडखळतात.

२

अशा वर्णनाचा सर्वसाधारण साचा मराठीत मांडावयाचा तर तो पुढीलप्रमाणे होईल : ‘दिलेल्या मार्गावरील फाईल सर्व्हरवर चढविते. मार्ग : फाईलचा मार्ग.’ वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. अनुभवी प्रोग्रॅमरला ते पुरेसेही वाटेल. तरी त्यात एक मोठी उणीव आहे : ‘मार्ग’ कोणाच्या घरापासून मोजावयाचा, हे त्यात सांगितलेले नाही.

कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषासिद्धान्तात दर्शक शब्दांचा विचार करताना एका मूळबिंदूची कल्पना मांडली. ‘येथे’, ‘आता’, ‘मी’ हे शब्द बोलणाऱ्याच्या जागेवरून, क्षणावरून व व्यक्तीवरून मोजले जातात; तो मूळबिंदू ठाऊक नसेल तर शब्द कळूनही अर्थ कळत नाही. फाईलचा मार्ग हा दिसावयास नामासारखा दिसतो, परंतु स्वभावाने तो दर्शक शब्दच आहे. ‘कागदपत्रे’ या कप्प्यातील ‘अहवाल’ असे म्हटले, की कोणत्या संगणकाच्या कप्प्यातील, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

एजंटाच्या व्यवहारात असे मूळबिंदू किमान तीन असतात. एक, वापरणाऱ्या माणसाचा स्वतःचा संगणक. दोन, एजंटास कामापुरती दिलेली बंदिस्त जागा. आणि तीन, दूरचा सर्व्हर. सर्व्हर-प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्याच संगणकावर चालत असे तेव्हा पहिला व तिसरा बिंदू एकच होता. ‘दिलेल्या मार्गावरील फाईल’ हे वाक्य तेथे निर्दोष ठरे, कारण सांगणारा व ऐकणारा एकाच घरात उभे होते. तेच वाक्य जसेच्या तसे उचलून दूरस्थ सर्व्हरच्या परिचयलेखात घातले, की ते खोटे होते. एजंट आपल्या जागेतील मार्ग पाठवितो. सर्व्हर तो मार्ग आपल्या जागेत शोधतो. आणि तेथे ती फाईल नसते. योगायोगाने त्याच नावाची दुसरी फाईल तेथे असली, तर प्रकार अधिकच वाईट होतो. चूक झाल्याचे कोणास कळतही नाही.

हा घोळ जुन्या तंत्रलेखनात नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संगणकांमध्ये फाईल नेण्या-आणण्याच्या संकेतांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. वापरणारा संगणक व सेवा देणारा संगणक असे दोन पक्ष त्या मसुद्यापासूनच वेगळे मानलेले आहेत. पुढे नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील दोघांनी वेबपानावरील अर्जातून फाईल पाठविण्याची रीत मांडली. तीत माणूस कळ दाबतो, स्वतःच्या संगणकातील कप्पे उघडतो आणि ‘ही’ म्हणून फाईल निवडतो. ज्याची फाईल त्यानेच निवडल्यामुळे मूळबिंदूचा प्रश्न उद्भवतच नाही. दर्शक शब्दाची उणीव माणसाच्या बोटाने भरून निघत होती. एजंटास बोट नाही. जे बोटाने दाखविले जात होते ते आता वाक्याने सांगावयास हवे.

३

मार्ग पाठविणे निरर्थक असेल तर फाईल पाठवावयाची कशी? व्यवहारात दोन रीती रूढ आहेत, आणि परिचयलेखाने त्यांपैकी कोणती अपेक्षित आहे हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

पहिली रीत म्हणजे फाईलमधील मजकूरच साधनास देणे. फाईल चित्राची किंवा पीडीएफ असली तर तिचे रूपांतर ‘बेस-६४’ या लिपिसंकेतात करावे लागते. त्यात प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात. तीस लाख बाइटांच्या फाईलची चाळीस लाख अक्षरे झाली. ही अक्षरे एजंटास एकामागून एक स्वतः लिहावी लागतात. पोथी उतरून घेणाऱ्या लेखकाच्या हातून अक्षर गळावे तसे येथेही एखादे अक्षर चुकू शकते, आणि एका चुकलेल्या अक्षराने सबंध फाईल निकामी होऊ शकते. लहानशा टिपणास ही रीत ठीक. मोठ्या फाईलीस ती अव्यवहार्य होय.

दुसरी रीत दोन पावलांची आहे. एजंटाने सर्व्हरकडे फाईलचे नाव व आकार कळवून एक तात्पुरता पत्ता मागावयाचा. त्या पत्त्यावर फाईल एखाद्या साध्या प्रोग्रॅमने परस्पर पाठवावयाची. आणि मग काम झाल्याचे सर्व्हरला कळवावयाचे. येथे मजकूर एजंटाच्या लेखणीतून जात नाही, म्हणून अक्षर गळण्याचे भय नाही. परंतु या रीतीस एक पूर्वअट आहे : एजंटाच्या जागेतून त्या पत्त्यापर्यंत बाहेर जाण्याची परवानगी असावयास हवी. ती नसेल तर पहिले पाऊल यशस्वी होते व दुसरे होत नाही. पत्त्याची मुदत किती, ती संपल्यावर काय करावे, हेही सांगावे लागते. ‘फाईल चढविते’ या दोन शब्दांत यांतील काहीच येत नाही.

४

आपल्याकडील मीमांसकांनी विधिवाक्याचे जे पृथक्करण केले ते येथे उपयोगी पडते. विधी ऐकणाऱ्याच्या मनात तीन आकांक्षा उठतात, असे त्यांचे म्हणणे : काय साधावे, कशाने साधावे, आणि कसे साधावे. तिसरीस ते इतिकर्तव्यता म्हणतात. या तिन्हींचे समाधान झाल्यावाचून विधिवाक्य पूर्ण होत नाही. प्रचलित परिचयलेख पहिल्या आकांक्षेस उत्तर देतात, आराखड्याच्या द्वारा दुसरीस अर्धेमुर्धे उत्तर देतात, आणि इतिकर्तव्यता बहुधा गाळतात. उलट ‘सहज’, ‘जलद’, ‘सुरक्षित’ अशी विशेषणे त्यांत भरपूर असतात. मीमांसेच्या परिभाषेत हा अर्थवाद होय. अर्थवाद विधीस पोषक असेल तरच त्यास स्थान आहे. चार साधनांतून एक निवडावयाचे असता स्तुतिपर विशेषणे निवडीस मदत करीत नाहीत. ती निवड बिघडवितात.

मराठीत हे लेखन करू पाहणाऱ्यास आणखी एका अडचणीचा विचार करावा लागेल. मराठीतील विध्यर्थ अनेकार्थी आहे. ‘फाईल ठेवावी’ या वाक्यात आज्ञा, कर्तव्य, सल्ला व इच्छा यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. संदर्भ व स्वर यांवरून ऐकणारा ते ओळखतो. इंग्रजी तंत्रलेखनातही ही संदिग्धता होती. मार्च १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकलेखांसाठी सक्ती, शिफारस व मुभा दर्शविणाऱ्या शब्दांचे अर्थ एका स्वतंत्र टिपणाने बांधून देण्यात आले. मराठीत अशी बांधणी अशक्य नाही, कारण साहित्य भाषेत तयारच आहे : सक्तीसाठी ‘दिलेच पाहिजे’, निषेधासाठी ‘देऊ नये’, शिफारशीसाठी ‘देणे बरे’, आणि मुभेसाठी ‘दिले तरी चालेल’. गरज आहे ती एका परिचयलेखात एक रूप एकाच अर्थाने वापरण्याच्या शिस्तीची.

५

दूर असलेल्या, आपल्यासमोर नसलेल्या व्यक्तीकडून लेखाच्या आधारे काम करवून घेणे हा प्रश्न नवा नाही. नाशिक येथील त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांस पांडवलेणी म्हणतात तेथे, या प्रश्नाचे फार जुने दाखले आहेत. फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी या लेखांचे संपादन केले, आणि वा. वि. मिराशी यांनी ते मराठी वाचकास उपलब्ध करून दिले. या लेखांचे ऐतिहासिक मोल सर्वपरिचित आहे. येथे त्यांचे वाचन केवळ व्यवहारलेख म्हणून करावयाचे आहे.

दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख ठेवीचा आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, हे लेखात स्पष्ट आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण मिळावयाचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. लेखातील आकडे एकमेकांचा पडताळा देतात. एखादा अंक झिजला असता तरी उरलेल्या अंकांवरून तो भरून काढता आला असता. शेवटी, हे सर्व निगमसभेत ऐकविले असून रिवाजाप्रमाणे फलकवारात नोंदले आहे, असेही सांगितले आहे.

ठेव कोणाची, कोणाकडे, किती, कोणत्या अटीवर, तिच्यातून काय काढता येते व काय येत नाही, आणि नोंद कोठे आहे, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका लेखात मिळतात. दूरस्थ सर्व्हरवर फाईल ठेवणाऱ्या साधनाच्या वर्णनात जे असावयास हवे ते याहून निराळे नाही. ‘चढविणे’ ह्या क्रियापदात केवळ दिशा आहे. ‘ठेवणे’ या क्रियापदात जबाबदारी आहे. ठेव म्हटली की ठेवणारा, राखणारा, मुदत व पोच हे सर्व ओघानेच येते. मराठी परिचयलेखाने ‘अपलोड’साठी ‘चढविणे’ पत्करण्याऐवजी ‘ठेवणे’ पत्करावे, यास हे सबळ कारण आहे. संस्कृतोद्भव ‘संचिका’ किंवा सरकारी कचेरीतील ‘नस्ती’ यांच्या वादात मात्र शिरण्याचे प्रयोजन नाही. ‘फाईल’ सर्वांस कळते.

६

तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख याहूनही बोधप्रद आहेत. पहिला त्याच्या राज्यवर्षाच्या १८ व्या वर्षीचा. राजाने सैन्याच्या छावणीतून गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालितास आज्ञा पाठविली : अपरकाखडी गावातील, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत प्रव्रजितांस दिले आहे. आज्ञा तोंडी दिली गेली, मग ती लिहिली गेली. लिहिणाऱ्याचे, तिथीचे व तामील करणाऱ्याचे उल्लेख लेखात आहेत. कागदोपत्री पाहता व्यवहार पूर्ण झाला.

दुसरा लेख २४ व्या वर्षीचा आहे. त्यात राजा व राजमाता यांच्या वतीने अमात्य श्यामकास कळविले आहे, की काखडी गावात पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, आणि ते गावही वसत नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने देण्यात येत आहेत. दोन्ही लेखांतील दान एकच, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे आज्ञेची तामील झाली होती, नोंदही झाली होती. पण दान फळास आले नव्हते. तामील आणि फळ यांतील हे अंतर सत्तेने स्वतः मान्य करून, पहिल्या लेखाशेजारीच कोरून ठेविले.

फाईल ठेवणाऱ्या साधनाच्या उत्तराचा विचार या दाखल्याच्या प्रकाशात करावा. पुष्कळ साधने ‘यशस्वी’ एवढेच उत्तर देतात. काय यशस्वी झाले? पत्ता मिळाला, बाइट पोचले, की फाईल उघडून वाचता येण्याजोग्या अवस्थेत ठेविली गेली? १९८५ मध्ये पक्क्या झालेल्या एफटीपी संकेतात हे भेद स्पष्ट होते. काम सुरू होत आहे असे सांगणारी उत्तरे निराळी व काम पुरे झाले असे सांगणारी निराळी. पुन्हा प्रयत्न करण्याजोगे अपयश निराळे व प्रयत्न व्यर्थ आहे असे सांगणारे अपयश निराळे. इतकेच नव्हे, तर त्याच नावाची फाईल आधी असल्यास ती बदलून टाकणे, तिला जोडणे, व नवे एकमेव नाव घेऊन ठेवणे, या तीन कृतींसाठी तीन स्वतंत्र आज्ञा होत्या. चाळीस वर्षांपूर्वी जो भेद क्रियापदांत होता तो आजच्या ‘चढविते’ या एका क्रियापदात बुडाला आहे.

त्याचे परिणाम शब्दांपुरते राहत नाहीत. समजा, निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने कीडनाशक अंश तपासणीचा अहवाल निर्यातदाराच्या सर्व्हरवर ठेवण्याचे काम एजंटावर सोपविले. एजंटास पत्ता मिळाला, उत्तर आले ‘यशस्वी’, आणि फाईल मात्र पोचलीच नाही. एजंट बागायतदारास प्रामाणिकपणे सांगतो, की अहवाल पाठविला आहे. अथवा उत्तर उशिरा आले म्हणून एजंटाने तेच काम पुन्हा केले, आणि गेल्या हंगामातील त्याच नावाचा अहवाल पुसला गेला. दोन्ही प्रसंगी खोटे कोणी बोललेले नाही. चूक परिचयलेखाची, आणि भुर्दंड अशा माणसास की ज्याने तो परिचयलेख कधी पाहिलाही नाही. मार्च २०२५ मधील एमसीपीच्या आवृत्तीत साधन विध्वंसक आहे काय, पुन्हा चालविले तर परिणाम तोच राहतो काय, हे दर्शविणाऱ्या खुणांची सोय झाली. परंतु त्या सूचक आहेत, हमी नव्हेत, असे ती आवृत्तीच सांगते. वर्णनाची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की एजंटाची एका वेळी वाचण्याची मर्यादा ठरलेली असते. प्रत्येक साधनाचा परिचय लांबला तर मूळ कामास जागा उरणार नाही. आक्षेप खरा आहे. पण लेण्यांतील लेखांनाही दगडाची मर्यादा होती, आणि अक्षरागणिक छिन्नी चालवावी लागत होती. जागा थोडी असता विशेषणे गाळावयाची, की अटी, एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप असा, की एजंट चुकेल, त्रुटीचा संदेश वाचील आणि सुधारील. चूक उघड होत असेल तर हे ठीक. चुकीच्या जागी ठेविलेली किंवा दुसरीवर लिहिली गेलेली फाईल त्रुटीचा संदेश देत नाही.

वरील विचारास अनुसरून परिचयलेखाचा एक मसुदा असा होईल : ‘एजंटाच्या कामाच्या जागेतील एक फाईल दूरच्या सर्व्हरवर ठेवण्यासाठी. सर्व्हरला एजंटाकडील मार्ग वाचता येत नाही. मार्ग देऊ नये. फाईलचे नाव व बाइटांतील आकार दिलाच पाहिजे. उत्तरात तात्पुरता पत्ता मिळतो. तो पंधरा मिनिटे चालतो. त्या पत्त्यावर फाईल पाठवून झाल्यावर “पोच” हे साधन चालविलेच पाहिजे. तोवर फाईल ठेविली गेली असे वापरणाऱ्यास सांगू नये. त्याच नावाची फाईल आधी असल्यास ती बदलली जात नाही, नकार येतो. पोचीत आलेला आकार मूळ आकाराशी ताडून पाहणे बरे. बाहेर जाण्याची परवानगी नसल्यास हे साधन वापरू नये. वापरणाऱ्यास तसे कळवावे.’

या मसुद्यात स्तुतीचा शब्द नाही. ‘येथे’ कोणाचे हे त्यात आरंभीच ठरले आहे. सक्ती, शिफारस व निषेध यांची रूपे वेगळी राखली आहेत. तामील व फळ यांत अंतर ठेविले आहे. आणि उषवदाताच्या लेखाप्रमाणे आकड्याने आकड्याचा पडताळा घेण्याची सोय आहे. मूळ साच्याहून तो आठ-दहा पट मोठा भरतो, हे खरे. परंतु त्यातील कोणतेही वाक्य गाळले तर एक विशिष्ट चूक पुन्हा शक्य होते, आणि वाक्य ठेवावे की नाही याची हीच कसोटी मानावयास हवी. जो वाचक समोर नाही, विचारू शकत नाही, आणि वाचताक्षणीच कृती करतो, त्याच्यासाठी लिहिताना लेखकाने आपली जागा सोडून वाचकाच्या जागी उभे राहिले पाहिजे. भाषाभ्यासकांनी हे लेखन केवळ तंत्रज्ञांवर सोडू नये. दर्शक शब्द, विध्यर्थ व आकांक्षा हे विषय त्यांच्याच अभ्यासाचे आहेत.